शाळा सोडण्याचे कारण

यवतमाळ,
११ जुलै २०२४

चि. आभा,

आशीर्वाद शेवटी देईन, आधी रागावून घेते. परवा चतुर्थीला कळंबला गेले होते. चिंतामणीचं दर्शन घेऊन तुमच्या घरी टेकले, तर तुझी आई सांगते, आभाचं वजन सहा किलो उतरलं, चार-चार दिवस पोट साफ होत नाही, वणीच्या डॉक्टरांनी ॲसिडिटीच्या गोळ्या दिल्या आहेत आणि ती त्या शेंगदाण्यासारख्या खाते. तुझा बाप शेजारी बसून पेपर वाचत होता. मी म्हटलं, चारुदत्त, पोरीला नोकरी लागून चार महिने झाले नाहीत आणि तिचं हे काय झालंय? तर म्हणाला, ताई, हल्लीच्या मुलींना जागा बदलली की असंच होतं. माझा धाकटा भाऊ नसता तर तो पेपर मी त्याच्या हातातून ओढला असता.

फोन केला असता, पण फोनवर तू "हो आत्या, बरं आहे आत्या" म्हणून ठेवून देतेस. तुझी आई म्हणाली, तुझी खोली आणि घरमालकांची खोली यांच्यात नुसती पत्र्याची भिंत आहे, त्यामुळे पोटाचं तुला मोकळं बोलता येत नाही. आणि मोबाइलवर लिहायचं तर माझा अंगठा एकाच वेळी तीन अक्षरं दाबतो. म्हणून हे पत्र. तूही पत्रच लिही, आणि खरं लिही.

मी अडुसष्ट वर्षांची आहे. सदतीस वर्षं नोकरी केली, शेवटची एकोणीस मुख्याध्यापिका म्हणून. रोज साडेनऊला घर सोडायचं, संध्याकाळी सहाला परत. पंचाण्णव साली मी गव्हाची पोळी सोडून ज्वारीची भाकर धरली, आणि तेव्हापासून आजतागायत माझ्या पोटाने मला एक दिवस त्रास दिलेला नाही. लोकांनी घड्याळं लावून घ्यावीत. हे नशीब नाही, ही शिस्त आहे.

तेव्हा ऐक. सकाळी उठल्याबरोबर दोन तांबे कोमट पाणी, चहा नंतर. चहाआधी दहा मिनिटं शांत बसायचं, आलं नाही तरी बसायचं, पोटाला वेळ कळते. डब्यात पोळी नाही, भाकर. सालीसकट मुगाची डाळ, अंबाडीची नाही तर पालकाची भाजी, दुपारी ताजं ताक, त्यात ओवा-जिरं भाजून. बिस्किटाचा पुडा आणि तर्री-पोहे बंद. दिवसभरात दहा-बारा पेले पाणी. रात्री झोपताना इसबगोल. पंधरा दिवस कर आणि मग मला लिही, बरं वाटलं नाही तर माझं नाव मंजुषा नाही.

आता आशीर्वाद.
तुझी आत्या


मुकुटबन,
१६ जुलै २०२४

प्रिय आत्या,

नमस्कार, आणि रागावलीस तेही पोचलं.

तुझं पत्र मी दारात उभं राहून वाचलं, कारण घरमालकीणबाई "कोनाचं पत्र, कोनाचं पत्र" करत मागे होत्या. या काळात पत्र येतं म्हणजे एक तर कोर्टाचं, नाही तर सोयरिकीचं, असं त्यांचं मत आहे.

तू लिहिलेलं सगळं सुरू केलं आहे. भाकरीचा प्रश्न तर चुटकीसरशी सुटला. आमच्या शाळेत पोषण आहार शिजवायला पुष्पाताई म्हणून आहेत, जवळच्याच तांड्यावर राहतात. त्यांना म्हटलं, मला भाकर शिकवा, तर हसल्या. "मॅडम, तुमाले भाकर थापता येत नाही अन् पोरायले गणित कसं शिकोता?" आता रोज त्याच एक भाकर फडक्यात बांधून आणतात. सोबत ताक. ताक इतकं छान असतं की दोन पेले प्यावंसं वाटतं, पण मी अर्धाच पिते.

पाण्याचं मात्र जमत नाही. ते सोडून सगळं करते. सकाळी दोन तांबे पिऊन पाहिलं, एक दिवस. नंतर नाही. का ते विचारू नकोस, इथलं वेळापत्रकच तसं आहे. शाळा मुकुटबनपासून नऊ किलोमीटर आहे, मी नऊला गाडी काढते आणि यायला साडेपाच होतात.

मुलं गोड आहेत. सातवीचा वर्ग माझ्याकडे आहे. मुली फार गैरहजर राहतात, त्याचं काय करावं ते तू सांग, तुझा अनुभव मोठा आहे. बाबांवर रागावू नकोस.

तुझी,
आभा


यवतमाळ,
२० जुलै २०२४

आभा,

चि. लिहिणार नाही, कारण तू चिरंजीव राहायचं मनावर घेतलेलं दिसत नाही.

पाणी सोडून सगळं करते म्हणजे काय गं? चूल पेटवायची सोडून सगळा स्वयंपाक करते म्हणण्यासारखी गत झाली ही! वेळापत्रक म्हणे. पाणी प्यायला कोणाचं वेळापत्रक लागतं? मी तासाला तास लावून शिकवलं आहे, आणि टेबलावर माझा पितळी तांब्या कायम भरलेला असायचा. दुपारपर्यंत एक, दुपारनंतर एक. तुम्हा मुलींना बाटली जड होते, लिपस्टिक पुसली जाते, काय होतं मला माहीत नाही. बापाच्या घरी लाडावलेल्या मुलींची नोकरी अशीच होते.

माझं काही चुकत असेल तर सांग, पण "विचारू नकोस" असं मला लिहायचं नाही. मी विचारणारच.

इसबगोल चालू आहे ना? एक चमचा घेत असशील तर दोन घे. आणि मुलींच्या गैरहजेरीचं म्हणशील, तर त्याला एकच उपाय, कडकपणा. पालकांना बोलवायचं, रजिस्टर समोर ठेवायचं, नाव कमी करीन म्हणून सांगायचं. तांड्यावरच्या मुली तर कापूस वेचायला जातात नाही तर घरची पोरं सांभाळतात. मी एकोणीस वर्षं तेच पाहिलं.

पाणी पी.
आत्या


मुकुटबन,
४ ऑगस्ट २०२४

आत्या,

उशीर झाला, कारण मी दवाखान्यात होते. आईला सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस.

तू म्हटलीस दोन चमचे, मी दोन चमचे घेतले. वरून अर्धा पेला पाणी. आठवडाभराने पोट असं फुगलं की वर्गात खडू हातात धरून मी खाली बसले. घाम, उलट्या, काही सुचेना. पुष्पाताईंनी हातातली खिचडीची पळी टाकली, एका ऑटोवाल्याला रस्त्यात अडवलं आणि मला दवाखान्यात नेलं. तिथे जे करायचं ते केलं, मला लिहायची लाज वाटते. डॉक्टरीण माझ्याच वयाची होती. म्हणाली, इसबगोल पाणी शोषून फुगतो, पाणी नसेल तर आतड्यात त्याचा गोळा बसतो, एवढं साधं कोणी सांगितलं नाही का? मी तुझं नाव घेतलं नाही. मग तिने विचारलं, पाणी का पीत नाही? लघवीलाही जळजळ आहे, किती तास रोखून धरता?

तिला सांगितलं ते आता तुला सांगते. आमच्या शाळेत संडास आहे, आत्या. चांगला, टाइल्स बसवलेला, बाहेर मुलीचं चित्र काढलेलं. त्याला कुलूप आहे. चाबी मुख्याध्यापक वामन सरांच्या टेबलाच्या खणात असते. तपासणीला कोणी यायचं असलं की आदल्या दिवशी उघडतात, फिनेल मारतात, फोटो काढतात आणि पुन्हा लावतात. सर आणि मुलं मागच्या शेतात जातात. मी नऊ ते साडेपाच रोखून धरते. सकाळी पाणी प्यायले तर अकरा वाजताच डोळ्यांपुढे ते दार येतं. त्यामुळे पाणी नाही, ताक अर्धा पेला. चार महिने असंच चाललं आहे. पोट आधी रुसलं, मग दगड झालं. त्यावर तू मला भाकर खा म्हणतेस आणि लिपस्टिकचा विषय काढतेस.

एकदा मी सरांना चाबी मागितली. ते म्हणाले, "मॅडम, कायले झंझट करता? पोरी घान करतात. पानी टाकत नाहीत. साफ कोन करन, तुमी?" मी म्हटलं, मी करीन. तर हसले. मग मधल्या सुट्टीत गाडी काढून दोनदा खोलीवर जाऊन आले, तिसऱ्यांदा सरांनी हालचाल रजिस्टर पुढे केलं, कुठे जाता ते लिहा. मी लिहिलं, लघवीस. त्यांनी ते खोडलं आणि वर लिहिलं, खाजगी काम.

मुली का येत नाहीत तेही कळलं. कापूस जुलैत वेचत नाहीत, आत्या. सातवीत चौदा मुली आहेत. महिन्यातले चार-पाच दिवस प्रत्येक जण घरी राहते. पुष्पाताईंची मुलगी त्यातली एक. परवा दवाखान्यात पलंगाशी बसून पुष्पाताई म्हणाल्या, "मॅडम, आमच्या शाळेतबी कुलूपच होतं. मी सातवीत सोडली." त्यांचं माहेर महागावकडचं आहे.

आता राग येऊन राहिला आहे, आत्या. पोटात दुखतं त्याहून जास्त.

आभा


यवतमाळ,
८ ऑगस्ट २०२४

आभा बाळा,

इसबगोलाबद्दल चूक माझी. पाण्याशिवाय घेऊ नकोस, हे मी आधी लिहायला हवं होतं, चमचे वाढवायला नको होते. आजपासून बंद. ती डॉक्टरीण सांगेल तेच कर. लिपस्टिकचं लिहिलं तेही मागे घेते.

पण तो वामन! हा माणूस मुख्याध्यापक आहे की कोठारी? सरकारच्या पैशाने बांधलेला संडास स्वतःच्या खणात ठेवतो? लेकीबाळींना पाणी तोडायला लावतो? असला माणूस माझ्या हाताखाली असता तर मी त्याला दिवसभर एका पायावर उभा केला असता. आठ तास लघवी रोखून दाखव म्हणावं, मग बोल. आणि रजिस्टरमध्ये खोडतो! त्या पानाचा फोटो काढून ठेव. शिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार कर, केंद्रप्रमुखांना प्रत दे. तू अजून शिक्षण सेवक आहेस, कायम नाहीस, म्हणून घाबरू नकोस.

माझ्या शाळेत असं झालं नसतं. तालुक्यात स्वच्छ शाळेचं पहिलं बक्षीस आम्हाला मिळालं होतं. त्याची चौकट अजून माझ्या दिवाणखान्यात आहे, तू लहानपणी तिच्याखाली बसून आंबे खाल्लेस.

आणि त्या पुष्पाला विचार, तिची शाळा कोणती आणि ती मुख्याध्यापिका कोण. महागाव तालुक्यातल्या सगळ्या बायांना मी नावानिशी ओळखते. मेली नसेल तर मी तिला फोन करते. एक बाई असून मुलींच्या संडासाला कुलूप लावते, तिला काय म्हणावं? विचार आणि मला नाव कळव.

आत्या


मुकुटबन,
१४ ऑगस्ट २०२४

आत्या,

तू विचारायला लावलंस म्हणून विचारलं.

पुष्पाताई आधी सांगत नव्हत्या. "जाऊ द्या न मॅडम, जुनी गोष्ट आहे." मी म्हटलं, माझी आत्या त्या बाईंना फोन करणार आहे. तर म्हणाल्या, "मोठ्या बाई होत्या. गोऱ्या, उंच. टेबलावर पितळीचा तांब्या राहे. चाबी लाल दोऱ्यानं पर्सले बांधली राहे. त्या संडासात गेल्या की आमी खिडकीतून पाहो, अन् त्या आल्या की पुन्हा कुलूप."

मग त्यांनी मला सांगितलं, सातवीत एकदा त्यांनी धीर करून चाबी मागितली होती. बाई म्हणाल्या, घरून जाऊन यायचं होतं ना, जा आता घरी. तांडा दोन किलोमीटरवर होता. पुष्पा जाऊन आली तोवर हजेरी होऊन गेली होती, मग दर महिन्याला तेच होऊ लागलं, मग नाव कमी झालं.

मी नाव विचारलं. त्यांनी सासरच्या आडनावासकट नाव सांगितलं, आणि त्या बाईंचं माहेरचं आडनाव तेच माझं, हे त्यांना माहीत नाही, म्हणून त्यांना काही कळलं नाही. मला कळलं.

ती मुख्याध्यापिका तू आहेस, आत्या. आता कर फोन.

उद्या झेंडावंदन आहे. सर संडास उघडणार आहेत, सरपंच येणार आहेत म्हणून. मुलींना आत जायचं नाही असं आजच सांगून झालं आहे.

आभा


मुकुटबन,
२९ ऑगस्ट २०२४

आत्या,

पंधरा दिवस झाले, तुझं उत्तर नाही. तू आजारी नाहीस एवढं आईकडून कळलं.

मी तुझी वाट पाहिली नाही. सोळा तारखेला सकाळी सरांनी पुन्हा कुलूप लावलं. प्रार्थनेनंतर पुष्पाताईंची मुलगी पोट धरून पायरीवर बसली. तिला घरी जाऊ का असं विचारायचं होतं. मी पुष्पाताईंकडे पाहिलं. त्या स्वयंपाकखोलीत गेल्या आणि चटणी वाटायचा वरवंटा घेऊन आल्या. कुलूप मी तोडलं, त्यांनी नाही, हे मी सगळीकडे लिहून दिलं आहे. तीन घावांत तुटलं. मुली रांगेत उभ्या राहिल्या. त्या दिवसापासून मधल्या सुट्टीत मी आणि सातवीच्या मुली पाळीने पाणी भरतो आणि घासतो. काही घाण होत नाही, आत्या. बादली दिली की मुली पाणी टाकतात.

मला कारणे दाखवा नोटीस आली आहे. शासकीय मालमत्तेची हानी, वरिष्ठांचा अवमान, आणि तिसरं म्हणजे स्वयंपाकी महिलेला चिथावणी. पुष्पाताईंना तोंडी सांगितलं आहे की पुढल्या महिन्यापासून दुसरी बाई पाहू. माझी नोकरी कायम झालेली नाही. सातव्या दिवशी उत्तर द्यायचं होतं, मी मुदत वाढवून घेतली आहे, दहा सप्टेंबरपर्यंत. सर म्हणतात, तीस वर्षं सगळ्या शाळांत अशीच पद्धत आहे, कोणत्या बाईने तक्रार केली?

आता रोज दहा पेले पाणी पिते. गोळ्या सुटल्या. वजन दीड किलो वाढलं. हे तुला कळवावंसं वाटलं, का ते माहीत नाही.

आभा


यवतमाळ,
५ सप्टेंबर २०२४

चि. आभा,

आज शिक्षक दिन. सकाळपासून दोन जुने विद्यार्थी फुलं घेऊन आले. दोघंही मुलगे. एकही मुलगी आली नाही, आणि आजवर माझ्या ते लक्षात आलं नव्हतं.

तुझं चौदा तारखेचं पत्र वाचून मी आधी तुझ्यावर चिडले. मग त्या पुष्पावर चिडले, कोण कुठली, काय वाट्टेल ते सांगते. चार दिवस चिडून झालं. मग कपाटातली जुनी पर्स काढली. लाल दोरा अजून आहे. किल्ली नवीन मुख्याध्यापकांना दिली होती, तिची जोडकिल्ली माझ्याकडेच राहिली. दहा वर्षं झाली मला निवृत्त होऊन.

मला आठवत नव्हतं असं नाही. मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. गावातली माणसं रात्री येऊन वापरत, शिपाई हात लावायला तयार नसे, तपासणीत गुण कापले जात. मी कुलूप लावलं आणि शाळा स्वच्छ झाली. बक्षीस त्याच वर्षी मिळालं. ती चौकट मी काल भिंतीवरून काढली, मागे पांढरा डाग राहिला आहे.

अजून एक सांगायचं आहे, ते मी कोणाला सांगितलेलं नाही. पंचाण्णव सालाआधी अठरा वर्षं मी दुसऱ्या शाळेत साधी शिक्षिका होते. त्या अठरा वर्षांत माझं पोट तुझ्यासारखंच दगड होतं. मूळव्याधीचं ऑपरेशन झालं, तुझ्या आजीने ते नातेवाइकांत अपेंडिक्स म्हणून सांगितलं. मीही पाणी पीत नव्हते. किल्ली तिथल्या सरांकडे होती. पंचाण्णव साली मी मुख्याध्यापिका झाले आणि किल्ली माझ्याकडे आली. त्याच वर्षी भाकर सुरू केली. पोट सुधारलं आणि मी श्रेय भाकरीला दिलं. तीस वर्षं साऱ्या खानदानाला भाकर-ताक-शिस्तीचे धडे दिले. मला कळत होतं गं, सोसलेलं होतं, तरी दुसरीसाठी दार उघडलं नाही. याचा मला स्वतःचाच इतका राग येतो की रात्रीचं जेवण जात नाही.

भाकर चांगलीच आहे, खात जा. पण ज्याला ते दार उघडं आहे, त्याने खाल्ली तर उपयोगाची.

सोबत एक कागद जोडते आहे, माझ्या सहीचा. तुझ्या उत्तराला लाव. त्यात लिहिलं आहे की मी, निवृत्त मुख्याध्यापिका, एकोणीस वर्षं मुलींच्या संडासाला कुलूप लावलं, किल्ली स्वतःकडे ठेवली, त्या काळात सातवी पूर्ण न करू शकलेल्या मुलींची नावं हजेरीतून मी कमी केली, आणि ही पद्धत असल्याचं कोणी सांगत असेल तर ती पद्धत माझ्यासारख्यांनी पाडली आहे आणि ती चुकीची आहे. वामन सर विचारतात ना, तक्रार कोणी केली? म्हणावं, एकीने केली होती, सातवीतल्या. तिला घरी पाठवलं.

हा कागद पुष्पाला वाचून दाखव. मी तिची माफी मागते, तेही वाच. तिला मला काही लिहायचं असेल तर लिहू दे.

तुझी आत्या


ता. झरी जामणी,
२२ सप्टेंबर २०२४

मोठ्या बाई,

नमस्कार.

मी पुष्पा. आभा मॅडम म्हनल्या, बोला, मी लिहून देते. मी म्हनलं, नाही, माह्या हातानं लिहीन. सातवीपरेंत शिकली हाव, लिहिता येते. चुकलं तर वाचून घ्या.

तुमचा कागद मॅडमनं वाचून दाखोला. नोटिशीच्या चौकशीले मोठे सायब आलते, त्यायनं बी वाचला. घडी करून खिशात ठेवला. मॅडमची नोकरी हाय. माहीबी हाय. सर आता चाबी मागत नाहीत, कुलूपच नाही त चाबी कायची. माही पोरगी या महिन्यात एकबी दिवस घरी राह्यली नाही.

तुमचे पयले पत्र बी मॅडमनं दाखोले. तुमी लिहिता, भाकर खा, ताक प्या. बाई, आमी तांड्यावर भाकरच खातो. लहानपनापासून तेच खाऊन राह्यलो. माही याडी, म्हन्जे माय, तेच खात होती. तरी माह्यं पोट आजबी ठीक नाही. मले मूळव्याध हाय. आता चाळीशी आली अन् बाहेर गेली त आजबी मी पानी पीत नाही, न प्याची सवयच पडली. ते तुमच्या शाळेत लागली.

तुमी माफी मागता. मले राग हाय. खूप हाय. माफी द्याव का नाही मले समजत नाही, म्हनून देत नाही.

पन एक काम करा. माह्या दाखल्याची झेरॉक्स पाठोते. त्याच्यावर शाळा सोडन्याचे कारन म्हनून रकाना हाय. त्यात तुमच्या हातानं लिहून हाय, सतत गैरहजर. लग्नाच्या टायमाले सासऱ्यानं वाचलं, म्हने पोरगी आळशी दिसते. बचत गटात कागद मागतला, तेथंबी वाचलं. नोकरीले लागली, तेथंबी वाचलं. पंचवीस वर्षं मी तो कागद सांभाळून राह्यली अन् त्याच्यावर खोटं लिहून हाय.

मी गैरहजर नव्हती. मी दोन किलोमीटर चालत जाऊन येत होती.

अक्षर तुमचं हाय, सही तुमची हाय. खरं कारन लिहून पाठवा.

पुष्पा


यवतमाळ,
२७ सप्टेंबर २०२४

सौ. पुष्पाताई यांस,

तुमची झेरॉक्स परत पाठवते आहे. निवृत्त झाल्यावर दाखल्यात बदल करायचा मला अधिकार नाही. मूळ रजिस्टर दुरुस्त करून द्यावं म्हणून मी शाळेला आणि शिक्षण विभागाला अर्ज केला आहे, त्याची प्रत सोबत आहे. दर सोमवारी जाऊन विचारीन. तोवर झेरॉक्सवर जुन्या ओळीवर एक रेघ मारली आहे आणि खाली माझ्या हाताने लिहिलं आहे ते असं:

शाळा सोडण्याचे कारण: शाळेत संडास होता. त्याला कुलूप होतं. विद्यार्थिनीने किल्ली मागितली, ती मुख्याध्यापिकेने दिली नाही.

विद्यार्थिनीची वर्तणूक: उत्तम.

सही,
मंजुषा, मुख्याध्यापिका (निवृत्त)